साडेदहा टनांची मर्यादा

थोडा वेळ काढून बसा. या बैठकीला आसन लागत नाही, माळ लागत नाही. लागते फक्त सावकाशी. आज आपण एका इंजिनाचं मनन करणार आहोत. मीटर गेजच्या रुळांवरून मालगाड्या ओढणारं वाफेचं इंजिन, वर्ग वायजी. त्याच्या मापांचा तक्ता दहा-बारा ओळींचा आहे. घाईत वाचला तर दोन मिनिटांत संपतो. आपण एकेक ओळ घेऊ, तिच्यापाशी थांबू, आणि ती पुरती उतरली की मगच पुढे जाऊ.

जिंतूरच्या माणसानं हे मनन का करावं, हा प्रश्न रास्त आहे. जिंतूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर सेलू, मानवत रोड किंवा परभणी गाठावं लागतं. पण गावात रुळ आले नाहीत म्हणून रुळांवरून आलेलं काही गावात आलं नाही, असं होत नाही. मीठ, सिमेंट, खत, लोखंड मालडब्यातून त्या स्टेशनांवर उतरलं आणि बैलगाडीनं, ट्रकनं इकडे आलं. इकडचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबला गेला आणि गाठी होऊन त्याच वाटेनं बाहेर गेला. ही वाट म्हणजे निजामाच्या काळातली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे. १९०१ पर्यंत तिनं हैदराबाद आणि मनमाड जोडले. एक मीटर रुंदीची ही लाइन १९९० च्या दशकात रुंद होऊ लागली, तोवर तिनं मराठवाड्याचा माल वाहिला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत या मालापुढे जुंपलेलं इंजिन बहुधा वायजी असे. आपल्याच जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये ही इंजिनं राहत. तिथून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे फाटा जातो. तो पुढे सातपुडा ओलांडून खांडव्याला मिळाला, तेव्हा दक्षिणेचं आणि उत्तरेचं मीटर गेजचं जाळं एकमेकांशी जोडलं गेलं.

म्हणजे हे इंजिन आपल्या घराला परकं नाही. आपण त्याला पाहिलं नसेल, पण आपलं खाणं-बांधणं त्यानं ओढून आणलेलं आहे. एवढं मनात धरून सुरुवात करू.

अंतर

उजवा हात आडवा, सरळ लांब करा. डाव्या खांद्यापासून उजव्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मनानं मोजा. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते साधारण एक मीटर भरतं. दोन रुळांमधलं अंतर एवढंच. आत १,००० मिलिमीटर. मुंबई-कोलकात्याच्या मोठ्या लाइनवर ते १,६७६ मिलिमीटर आहे.

हात तसाच राहू द्या आणि विचार करा, एवढ्या अरुंद पायावर शेकडो टनांची गाडी उभी राहायची आहे. मीटर गेज निवडला गेला तो एकोणिसाव्या शतकात, पैसा थोडा आणि मुलूख मोठा होता म्हणून. अरुंद लाइनीला जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात, वळणं आवळून घेता येतात. जिथे मोठी लाइन परवडली नसती, तिथे ही पोचली. अरुंदपणा ही तिची उणीव म्हणून मोजली जाते, पण त्याच अरुंदपणामुळे ती आपल्यापर्यंत आली, हेही तितकंच खरं.

इंजिन आखणाऱ्याच्या हाती हे अंतर आधीच ठरलेलं आलं. ते बदलायचा अधिकार त्याला नव्हता. बॉयलर किती रुंद करायचा, सिलिंडर बाहेर किती काढायचे, बोजाचा मध्य किती उंच नेला तर गाडी डोलणार नाही, सगळं या हातभर मापातून निघालं.

हात खाली घ्या. आपल्यालाही काही मापं आधीच ठरलेली मिळाली आहेत. गाव, घर, शरीराची चण, जन्माचा काळ. त्यातलं एक माप आठवा. त्याला आत्ता बरं-वाईट काही म्हणू नका. नुसतं आठवा.

जमिनीचा होकार

तक्त्यातली दुसरी ओळ: एका आसावर जास्तीत जास्त भार सुमारे साडेदहा टन.

ही ओळ मला साऱ्या तक्त्याचा पाया वाटते. इंजिन किती ताकदीचं हवं, असं विचारण्याआधी आखणाऱ्यांनी विचारलं की खालची जमीन किती सोसेल. रूळ हलके, स्लीपर साधे, पूल जुने, आणि खाली आपली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर बांधणाऱ्याला पाया किती खोल न्यावा लागतो ते जिंतूर-सेलूच्या गवंड्याला विचारा. अशा मातीवरच्या लाइनीनं जे उत्तर दिलं ते साडेदहा टनांचं होतं. त्याहून जड आस आला तर रूळ वाकतील, पुलाला ताण जाईल. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही, दहाव्या वर्षी दिसेल.

आता नजर चाकाच्या अगदी तळाशी न्या. आसावर दोन चाकं, म्हणजे एका चाकावर सव्वापाच टन. पोलादी चाक पोलादी रुळाला जिथे टेकतं ती जागा एखाद्या लहान नाण्याएवढी असते. तेवढ्याशा जागेतून सारा भार जमिनीत उतरतो. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर ज्यांनी गुंफेतल्या पार्श्वनाथांचं दर्शन घेतलं असेल त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. तिथली ती मोठी मूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. भाविक तिथे खाली वाकून तो दगड पाहतात. मूर्तीचं भव्यपण वर दिसतं. ती कशावर टेकली आहे ते पाहायला वाकावं लागतं.

तसंच या इंजिनापुढे मनानं वाका. धुराडं, बॉयलर, घंटेसारखा चमकणारा डोम, सगळं वर राहू द्या. चाक आणि रूळ जिथे भेटतात ती नाण्याएवढी जागा पाहा. तिथे दोन श्वास थांबा.

आणि स्वतःला विचारा, माझा भार कोणावर उतरतो? त्यांनी किती भार घ्यायचं कबूल केलं आहे? मी विचारलं होतं का?

आठ चाकं

जमीन साडेदहा टनांहून जास्त घेणार नाही. मालगाडी तर जड आहे. मग काय करायचं?

इथे इंजिनशास्त्रातला एक नियम समजून घ्यावा लागतो. इंजिन गाडी ओढतं ते चाकाच्या रुळावरच्या पकडीमुळे. पकड वजनातून येते. ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असेल, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ओढ भरवशानं काढता येते. त्याहून जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. म्हणजे ओढ वाढवायची तर वजन हवं, आणि वजन वाढवलं तर जमीन नाही म्हणते.

वायजीच्या आखणीत याचं उत्तर आहे: भार वाटून घ्या. एका आसाऐवजी चार आस ओढीला लावले. चार आस, आठ चाकं, प्रत्येक आसावर साडेदहा टन, मिळून बेचाळीस टन. त्यातून निघालेली ओढ सुमारे १०.७ टन, म्हणजे २३,५०० पौंडांच्या थोडी वर. बेचाळीसचा चौथा हिस्सा करून पाहा. हिशेब जवळजवळ जुळतो. आखणाऱ्यांनी इंजिनाला त्याच्या पकडीपेक्षा फार जास्त जोर दिला नाही, आणि कमीही दिला नाही.

या आठ चाकांना बाहेरून पोलादी दांडे जोडलेले असतात. सिलिंडरमधला जोर एकाच जोडीच्या चाकांना मिळतो, पण दांड्यांमुळे तो आठांनाही पोचतो. पूर्वी आपल्याकडे हराळीनं माजलेली काळी जमीन खोल नांगरायची तर एका जोडीनं भागत नसे. चार-चार जोड्या एका नांगराला जुंपत. आठ बैल एका पावलानं निघाले तरच फाळ खाली बसायचा. एक जोडी पुढे धावली किंवा एक मागे रेंगाळली तर तास वाकडं जायचं. वायजीची आठ चाकंही एकाच मापाची, एकाच पावलाची असावी लागतात. एका चाकाची झीज वेगळी झाली तर साऱ्यांना त्रास होतो.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. चाकांवरच्या स्प्रिंगा एकमेकींना लिव्हरनं जोडलेल्या असतात. रुळाचा एखादा सांधा वर आला आणि एका चाकाला दणका बसला, तर तो दणका त्या एकट्या चाकावर राहत नाही. लिव्हर थोडा कलतो आणि शेजारची चाकं आपला वाटा उचलतात. सरळ, सपाट, नवी लाइन असती तर याची इतकी गरज पडली नसती. लाइन जुनी आणि उंचसखल असणार, हे आखणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आठ चाकांच्या पुढे दोन लहान चाकं आहेत आणि मागे दोन. तक्त्यात ही मांडणी २-८-२ अशी लिहितात. पुढची दोन वळणावर इंजिनाचं तोंड वळवतात. मागची दोन भट्टीचा भार घेतात. ही चार चाकं गाडी ओढत नाहीत. ओढीच्या आकड्यात त्यांचं नाव नाही. पण ती काढून टाकली तर इंजिन वळणावर रूळ सोडेल, किंवा भट्टी लहान करावी लागेल आणि ओढणाऱ्या आठांना वाफच मिळणार नाही.

डोळे मिटून ही बारा चाकं एका रांगेत पाहा. मग आपल्या घरातली, कामावरची माणसं आठवा. ओढणारी कोण, वाट दाखवणारी कोण, आग सांभाळणारी कोण? ज्यांचं नाव ओढीच्या हिशेबात कधी येत नाही, त्यांच्यातल्या एकाचं नाव मनात घ्या.

चाकाचा व्यास

वायजीच्या ओढणाऱ्या चाकाचा व्यास १,२१९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार फूट. त्याच काळात त्याच मीटर गेजसाठी प्रवासी गाड्यांचं एक इंजिन आखलं गेलं, वायपी. त्याच्या ओढणाऱ्या चाकाचा व्यास १,३७२ मिलिमीटर, साडेचार फूट. या दोन्ही इंजिनांचा बॉयलर एकच. तीच भट्टी, तोच वाफेचा दाब. वायपीला सिलिंडर ३८७ मिलिमीटर व्यासाचे दिले आणि ओढणारी चाकं सहा. वायजीला सिलिंडर ४१३ मिलिमीटरचे आणि चाकं आठ. वायपीची ओढ ८.४ टनांच्या आसपास, वायजीची १०.७ टन.

आत सारखीच आग असलेल्या दोघांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या. चाक मोठं केलं की एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं, पण ओढ घटते. चाक लहान केलं की अंतर कमी पडतं, ओढ वाढते. मेल घेऊन धावायचं की माल घेऊन चालायचं, हे आखणीच्या कागदावरच ठरतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवा. नाडी लागेपर्यंत थांबा.

वायजीचं चाक एकदा फिरलं की इंजिन ३.८३ मीटर पुढे जातं. त्याला दोन सिलिंडर, आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं काम करते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुसकारे निघतात. माणूस रमतगमत चालतो तो तासाला चार किलोमीटरच्या चालीनं. मालगाडी स्टेशनातून हलते आणि या चालीला येते, तेव्हा चाकाचे मिनिटाला साडेसतरा फेरे होतात आणि फुसकारे सत्तरच्या आसपास.

तुमच्या बोटांखाली जे चाललं आहे त्याचाही वेग साधारण तोच आहे. या इंजिनाजवळ उभं राहिलेल्या माणसाला ते जिवंत का वाटे, याचं एक साधं कारण या गणितात आहे. पुढे वेग वाढला की ठोके एकमेकांत मिसळतात. ताशी चाळीसला ते सेकंदाला अकरा-बारा होतात आणि कानाला वेगळे मोजता येत नाहीत. पण मोठा भार जागचा हलतो तो क्षण नेहमी सावकाश असतो. त्या क्षणी इंजिनाची चाल माणसाच्या चालीएवढी आणि ठोका माणसाच्या काळजाएवढा असतो.

सत्तर ठोके होईपर्यंत असेच बसा. मोजायची गरज नाही.

आग

निजामाच्या रेल्वेला कोळसा मिळे तो मुख्यतः सिंगरेणीच्या खाणींतून. आपल्या देशातल्या कोळशात राख जास्त असते. परदेशी इंजिनं उत्तम कोळशाच्या भरवशावर अरुंद, खोल भट्ट्या घेऊन आली होती. आपल्या कोळशानं त्या कोंदटत. म्हणून वायजीची भट्टी चाकांच्या मधून उचलून मागच्या लहान चाकांच्या वर नेली आणि रुंद केली. कोळसा जिच्यावर जळतो त्या जाळीचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटरच्या आसपास, मध्यम आकाराच्या पलंगाएवढी जागा. हलका कोळसा पातळ पसरून जाळायचा तर जागा लागते. मिळेल तो कोळसा गृहीत धरून इंजिन आखलं, हा या तक्त्यातला मोठा शहाणपणा आहे.

आग नीट जळण्यासाठी वारा लागतो. त्याची सोय अशी आहे की ती समजल्यावर काही वेळ गप्प बसावंसं वाटतं. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ वाया म्हणून सोडून देत नाहीत. ती धुराड्याच्या बुडाशी एका अरुंद नळीतून वर सोडतात. ती जोरात वर जाते आणि आपल्याबरोबर भट्टीतला धूर ओढून नेते. त्या ओढीनं खालून जाळीतून ताजी हवा आत येते आणि आग भडकते. चढ लागला, इंजिन कष्टू लागलं की फुसकारे जड होतात, ओढ वाढते, आग आपोआप मोठी होते. उतार लागला की आग निवते. कामच कामाचं बळ पुरवतं.

इथे एक सत्य सांगायलाच हवं. या आगीपुढे माणूस उभा असे. एक ड्रायव्हर, दोन फायरमन. वैशाखात परभणीची हवाच चाळीस अंशांच्या वर जाते, त्यात भट्टीचं दार उघडं. कोळसा फोडायचा, फावड्यानं उचलायचा, कोणत्या कोपऱ्यात आग पातळ झाली आहे ते तांबड्या उजेडात ओळखून नेमका तिथे फेकायचा. डोळ्यांत कण, छातीत धूर. आणि एवढ्या आगीतून चाकापर्यंत पोचे काय, तर शंभरातले सहा-सात भाग. बाकीची उष्णता धुराड्यावाटे गेली. हे इंजिन सुंदर होतं. ते गेलं हेही योग्य झालं. दोन्ही वाक्यं एकत्र मनात राहू द्या. एकाला दुसऱ्यानं खोडू नका.

पाणी

इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या नजरेसमोर एक उभी काचेची नळी असते, गेज ग्लास. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. सगळ्या चाकांना, दांड्यांना, वाफेला जो सांभाळतो त्याचं पहिलं काम या बोटभर काचेवर नजर ठेवणं.

भट्टीच्या माथ्यावर नेहमी पाणी असावं लागतं. ते खाली गेलं तर माथ्याचा पत्रा लाल होऊन मऊ पडतो, आणि वरचा दाब त्याला फोडून आत येतो. हे होऊ नये म्हणून त्या माथ्यात मुद्दाम एक कमजोर जागा ठेवलेली असते, लेड प्लग. त्यातला शिशाचा गाभा लवकर वितळतो. पाणी उतरलं की आधी तो वितळतो, त्या भोकातून वाफ आणि पाणी भट्टीत शिरतं, आणि माणसांना कळतं की आग काढायची वेळ झाली. बॉयलरमधला सर्वांत दुबळा तुकडा सर्वांचा जीव वाचवतो, आणि तो दुबळा आहे म्हणूनच वाचवतो.

पूर्णेच्या शेडमध्ये इंजिन पाणी भरून घेई, ते गाव पूर्णा नदीच्या काठचं. हीच नदी वर जिंतूर तालुक्यात येलदरीला अडवली आहे. १९६८ पासून तिथलं धरण पाणी साठवतं, वीज करतं, आणि खाली सिद्धेश्वरकडे सोडतं. एकाच खोऱ्यातलं पाणी एके ठिकाणी पडून चाक फिरवतं आणि दुसरीकडे उकळून फिरवी.

आपल्यातली शिशाची जागा कोणती, याचा विचार करा. आटत चाललो आहोत हे आपल्याला सर्वांआधी कोण सांगतं? झोप, पाठदुखी, घरातल्या लहान मुलाचा प्रश्न? त्या खुणेला दुबळेपणा म्हणून दाबू नका.

वाफ

बॉयलरमधला दाब: दर चौरस इंचाला २१० पौंड. आकडा कोरडा आहे. त्याला जरा ओलावा देऊ. सिलिंडरचा व्यास ४१३ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या परातीएवढा दट्ट्या. पूर्ण दाबाची वाफ त्याच्यावर पडली की त्याला जवळजवळ वीस टनांचा रेटा बसतो. हा रेटा आवाज न करता बसतो.

ड्रायव्हरच्या हाती दोन गोष्टी असतात. रेग्युलेटर, ज्यानं वाफ सिलिंडरकडे सोडायची. आणि रिव्हर्सर, ज्यानं ती दट्ट्याच्या वाटचालीत किती वेळ आत येऊ द्यायची ते ठरवायचं. गाडी हलवताना वाफ जवळजवळ संपूर्ण फटकाभर आत सोडावी लागते. पण गाडी एकदा चालीला लागली की चांगला ड्रायव्हर रिव्हर्सर मागे घेत जातो. मग वाफ थोडाच वेळ आत येते, दार बंद होतं, आणि आत आलेली वाफ स्वतःच फुगत दट्ट्याला पुढे रेटत राहते. कोळसा वाचतो, पाणी वाचतं, चाल गुळगुळीत होते. ज्याला हे जमत नाही तो पूर्ण फटक्यावर गाडी हाणत राहतो, आणि त्याचा फायरमन अर्ध्या वाटेत थकतो.

सुरुवातीला सगळं बळ द्यावं लागतं, तिथे कंजुषी चालत नाही. नंतर मात्र हात आवरता यावा लागतो. तुम्ही सुरू केलेलं एखादं काम, वाढवलेलं एखादं मूल, लावलेलं एखादं झाड आठवा. तिथे अजून पूर्ण फटक्यावर रेटत आहात का? आत दिलेलं बळ आता स्वतःच्या अंगानं पसरू शकेल का?

वाळू

शेवटची ओळ अगदी साधी. बॉयलरच्या पाठीवर वाळूची पेटी असते. पहिल्या पावसानं रूळ निसरडे झाले, किंवा कुठे तेल सांडलं, आणि चाकं गरगरू लागली, तर रेग्युलेटर आणखी उघडून काही होत नाही. उलट रूळ खरवडला जातो. ड्रायव्हर वाफ कमी करतो, चाकांना शांत होऊ देतो, आणि नळीनं चाकापुढे चिमूट-चिमूट कोरडी वाळू सोडतो. मग पुन्हा हळू उघडतो. वाळू ओली असली तर नळीत अडकते, म्हणून शेडमध्ये ती भट्टीवर वाळवून ठेवत. हजारो भागांच्या यंत्राचा अडलेला पाय नदीकाठच्या मूठभर वाळूनं सुटतो, पण ती आधी वाळवून ठेवलेली असावी लागते.

जिथे आपली चाकं जागीच फिरत आहेत तिथे जोर कमी करून पाहा. मग पकडीचा विचार करा.

हिशेब

पहिलं वायजी १९४९ साली रुळांवर आलं. काही परदेशांतून आली, पुढे जमशेदपूरच्या टेल्कोनं आणि चित्तरंजनच्या कारखान्यानं ती केली. मिळून हजाराहून जास्त. १९७२ साली चित्तरंजनमधून वाफेचं शेवटचं इंजिन बाहेर पडलं, ते वायजीच होतं. मग डिझेल आलं, लाइनी रुंद झाल्या, २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्गही मोठा झाला. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये वायजी आजही जपून ठेवलेली आहेत.

हे इंजिन जगातलं सर्वांत ताकदवान नव्हतं आणि सर्वांत वेगवानही नव्हतं. कोणत्याही विक्रमाच्या यादीत त्याचं नाव नाही. पण मिळालेली अरुंद वाट, मऊ जमीन, हलका कोळसा आणि खराब रूळ, यांतली एकही गोष्ट नाकारून त्याची आखणी झाली नाही. प्रत्येक अडचणीपुढे एक नेमकं माप ठेवलं गेलं. अरुंद वाटेला बेताची उंची, मऊ जमिनीला आठ चाकं, हलक्या कोळशाला रुंद भट्टी, खराब रुळाला दणका वाटून घेणारे लिव्हर. मराठवाड्यासारख्या मुलखात काही उभं करू पाहणाऱ्या प्रत्येकानं, शाळा असो, कारखाना असो की शेततळं, हा तक्ता एकदा सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं. आधी जमिनीला विचारावं, मग भार वाटावा, मग ओढीचं बोलावं.

आणि एक विनंती. ज्यांनी ही इंजिनं चालवली, भट्टीत कोळसा घातला, शेडमध्ये दांड्यांना तेल दिलं, ती माणसं पूर्णा-परभणीकडे, आपल्या ओळखी-नात्यांत अजून आहेत. त्यांची वयं झाली आहेत. तक्त्यातली मापं पुस्तकांत राहतील, पण कोणत्या चढाला रिव्हर्सर कुठे ठेवायचा आणि कोणता कोळसा कसा पसरायचा, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक आहे. या महिन्यात त्यांच्यातल्या एकाकडे जा, त्यांना बोलतं करा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.